नंबर वाटणारा माणूस

बँकेत नवीन लागलो तेव्हा पहिले काम हाती आले ते खातेदारांच्या इंडेक्स रजिस्टरचे. तालुक्याच्या गावची शाखा. जाडजूड रजिस्टर, कडेला ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत कापलेल्या खाचा आणि प्रत्येक अक्षराला मोजून सारखी पाने. माझ्या आधीच्या कोणा शिस्तप्रिय माणसाने ती आखून ठेवली होती. दोन वर्षांत ‘प’ची पाने संपली, कारण निम्मे गाव पाटलांचे आणि उरलेल्यांत पवार. ‘श’चीही तीच गत. ‘ठ’ची पाने मात्र कोरी करकरीत. मग आम्ही काय केले, तर नवे पवार ‘ठ’च्या पानांवर बसवले आणि ‘प’च्या शेवटी लाल शाईने टीप लिहिली, पुढील नावे ‘ठ’मध्ये पाहावीत. त्यानंतर कोणीही पवार काउंटरवर आला की दोन ठिकाणी शोधाशोध. वर्षभरात अशा लाल टिपा इतक्या झाल्या की टिपा कुठे आहेत याचीच एक वेगळी यादी मी ड्रॉवरमध्ये ठेवू लागलो.

ती यादी मला पुष्कळ वर्षांनी आठवली ती एका अमेरिकन माणसाची हकिकत वाचताना. त्याच्यासमोर असेच एक रजिस्टर होते. फरक एवढाच की त्याच्या रजिस्टरात तालुक्यातले पाटील-पवार नव्हते, पृथ्वीवरचे सगळे कॉम्प्युटर यायचे होते. आणि ते किती येणार हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. त्याचे नाव जॉन पोस्टेल.

जोनाथन ब्रूस पोस्टेल ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना या गावी जन्मला. लॉस एंजेलिसच्या परिसरातच वाढला आणि व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये शिकला. त्याच शाळेतून विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर ही आणखी दोन मुले बाहेर पडली. पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हे तिघे एका प्रयोगशाळेत काम करू लागले. इंटरनेटच्या इतिहासात या तिघांची नावे घेतल्याशिवाय पहिले पान उलटत नाही. एका शाळेच्या पटावर अशी तीन नावे असावीत हा योगायोग मला कादंबरीत घालायला धजावले नसते.

पोस्टेलने १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये डॉक्टरेट. पण त्याचे खरे शिक्षण चालले होते ते प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेने लांबलांबचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडण्याचा घाट घातला होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी या प्रयोगशाळेतून पाचशेहून अधिक किलोमीटर दूर स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या यंत्राला पहिला संदेश गेला. वर्षअखेरीस चार यंत्रे जोडली गेली. चार! त्यांना नंबर द्यायला रजिस्टर कशाला लागते, बोटे पुरेत. पण यंत्रे वाढू लागली, त्यांच्यावर चालणाऱ्या कामांना वेगवेगळ्या खिडक्या लागू लागल्या, आणि कोणत्या खिडकीचा कोणता नंबर यावर घोळ होऊ लागले.

आपल्याकडे कार्यालयात असे होते तेव्हा काय घडते ते वाचकांना ठाऊक आहे. सगळे जण म्हणतात की कोणीतरी हे लिहून ठेवायला हवे आणि चहाला जातात. पोस्टेलने लिहायला सुरुवात केली. मे १९७२ मध्ये त्याने एक छोटे टिपण काढून सुचवले की हे नंबर एकाच माणसाने वाटावेत, आणि तो माणूस बहुधा आपणच असावा, असे प्रश्नचिन्ह टाकून, काहीसे गमतीने. कोणी हरकत घेतली नाही. ना नेमणुकीचे पत्र, ना हुद्दा, ना जाहिरात. अठ्ठाविसाव्या वर्षी अंगावर घेतलेले हे काम त्याने मरेपर्यंत केले.

ते टिपण ज्या मालिकेत निघाले तिच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. स्टीव्ह क्रॉकरने ७ एप्रिल १९६९ रोजी ‘आरएफसी’ नावाची टिपणे सुरू केली होती. त्या आद्याक्षरांचा अर्थ साधारण ‘आपले शेरे कळवावेत’ असा. तरुण विद्यार्थ्यांना मोठ्यांसमोर हुकूम सोडल्यासारखे वाटू नये म्हणून घेतलेले ते अदबशीर नाव. पुढे याच टिपणांत इंटरनेटचे सगळे कायदेकानू लिहिले गेले. या मालिकेचा संपादकही लवकरच पोस्टेल झाला आणि अडीच हजारांच्या घरात पोचलेली ही टिपणे त्याच्या हाताखालून गेली. त्यातली शेकडो त्याने स्वतः लिहिली वा इतरांबरोबर लिहिली. आपण ई-मेल पाठवतो त्याचे मूळ नियम त्याच्या नावावर आहेत, ऑगस्ट १९८२ मधले.

१९७७ च्या मार्चमध्ये तो दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत आला. मरिना डेल रे या ठिकाणी समुद्राजवळ ही संस्था आहे. पोस्टेलची छायाचित्रे पाहिली तर छातीपर्यंत रुळणारी दाढी, मागे बांधलेले केस, पायात सँडल. आपल्याकडच्या एखाद्या मठात शोभला असता. सुटी मिळाली की पाठीला पिशवी लावून सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकायचा. खोलीत कागदांचे ढीग. मृदू बोलणारा, सभा-समारंभात मागे उभा राहणारा. जॉइस रेनल्ड्स ही त्याची सहकारी या नंबरांच्या कामात वर्षानुवर्षे त्याच्या बरोबरीने होती. तिचे नाव बहुतेक वेळा वगळले जाते, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

आता मुख्य गोष्ट. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो आणि तो पत्ता म्हणजे एक आकडा. आपल्या टपालाच्या पिन कोडसारखाच. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झालेल्या त्या सहा आकड्यांचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. पहिल्या आकड्यावरून देशाचा विभाग, पुढे उपविभाग, जिल्हा आणि शेवटी पोस्ट. डावीकडून वाचत जावे तसे घर जवळ येते. इंटरनेटचा पत्ता याच जातीचा, फक्त तो यंत्राला कळणाऱ्या शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहिलेला, बत्तीस घरांचा. बत्तीस घरे हा निर्णय विंट सर्फचा, १९७७ मधला. त्यातून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते निघतात. तेव्हा तो एक प्रयोग होता आणि प्रयोगाला हे अफाट वाटले.

जानेवारी १९८० च्या टिपणात पोस्टेलने या बत्तीस घरांची वाटणी लिहिली ती सोपी होती. पहिली आठ घरे जाळ्याचा नंबर, उरलेली चोवीस त्या जाळ्यातल्या यंत्रांची. म्हणजे जगात जास्तीत जास्त २५६ जाळी. दीड वर्षातच कळून चुकले की हे पुरणार नाही. छोटी जाळी भराभर निघत होती. आता काय करणार? नंबर तर वाटून झालेले.

इथे पोस्टेलच्या रजिस्टराने हात दिला. त्याने नंबर खालून, ओळीने दिले होते. वाटप झालेले नंबर जेमतेम काही डझन, आणि वरचा अर्धा भाग पूर्ण कोरा. सप्टेंबर १९८१ च्या नव्या टिपणात ठरले की पत्त्याचे पहिले घर शून्य असेल तर तो जुन्या पद्धतीचा मोठा पत्ता समजावा. तो झाला ‘अ’ वर्ग. अशी १२८ जाळी, प्रत्येकात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१४ यंत्रे. वरच्या कोऱ्या भागात मधला ‘ब’ वर्ग बसवला, १६ हजार ३८४ जाळी, प्रत्येकात ६५ हजार ५३४ यंत्रे. त्याच्यावर ‘क’ वर्ग, वीस लाखांहून अधिक जाळी, प्रत्येकात २५४ यंत्रे. आणि अगदी वरचा आठवा हिस्सा भविष्यासाठी राखीव. ज्यांना आधी नंबर मिळाले होते त्यांच्यापैकी एकाचाही नंबर बदलला नाही. लेजर चालू असताना लेजरची पद्धत बदलणे म्हणजे काय असते ते मी जाणतो. १ जानेवारी १९८३ रोजी सगळे जुने जाळे या नव्या पद्धतीवर आले.

पण आमच्या इंडेक्सचा दोष याही रजिस्टरात होताच. वाटणी तीनच मापांत. अडीचशे यंत्रांच्या कंपनीला ‘क’ वर्ग पुरे, पण तीनशे यंत्रे असतील तर? ती ‘ब’ मागणार आणि पासष्ट हजारांतले पासष्ट हजार अडवून बसणार. ‘अ’ वर्गाचे मोठे तुकडे विद्यापीठांना आणि कंपन्यांना गेले, कारण मागणारे थोडे होते आणि नाही म्हणण्याचे कारण नव्हते. एमआयटीला एक, आयबीएमला एक, फोर्ड मोटार कंपनीला एक. तेव्हा जगाची लोकसंख्या साडेचारशे कोटी होती, म्हणजे माणशी एक पत्ता त्याच दिवशी पुरणार नव्हता. पण माणशी एक कॉम्प्युटर ही कल्पना तरी कोणी करत होते का? पोस्टेलला दोष देणारे पुढे पुष्कळ निघाले. मी देणार नाही. ‘अ’च्या अर्ध्या हिश्श्याबद्दल मात्र मला वाटते की तिथे हात थोडा आखडता घ्यायला हवा होता.

दुसरी अडचण जास्त खोल होती आणि ती लाल शाईच्या टिपांची. जाळ्याच्या मोठ्या चौकांत बसलेली यंत्रे, ज्यांना राउटर म्हणतात, आपल्याजवळ एक यादी बाळगतात. अमुक नंबरांचे पुडके अमुक दिशेला. एका संस्थेचे सगळे पत्ते सलग असतील तर तिच्यासाठी यादीत एक ओळ पुरते. पण संस्था वाढली आणि शेजारचा नंबर दुसऱ्याला देऊन टाकलेला असला, तर तिला लांबचा तुकडा द्यावा लागतो. मग दोन ओळी. तिसरा तुकडा, तिसरी ओळ. अशा हजारो संस्था. नव्वदच्या सुमाराला या याद्या इतक्या वेगाने फुगू लागल्या की पत्ते संपण्याआधी राउटरची स्मरणशक्तीच संपेल अशी भीती होती.

ज्यांचे सातबाराशी नाते आहे त्यांना हे नवीन नाही. एकाच शेतकऱ्याची जमीन गावात चार ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा उतारा. मुंबई राज्यात १९४७ मध्ये तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला तो याच दुखण्यावर. इंटरनेटवाल्यांनीही हीच दोन्ही औषधे घेतली. आधी पोटहिस्से, १९८५ मध्ये, जेफ्री मोगल आणि पोस्टेल यांच्या टिपणाने. संस्थेने मिळालेला नंबर आपल्या आत हवा तसा पाडावा, बाहेरच्या यादीला एकच ओळ दिसेल. मग १९९३ मध्ये अ-ब-क वर्ग मोडीत काढून हव्या त्या मापाचे तुकडे देणे आणि लागून असलेले तुकडे एका ओळीत गुंफणे.

मला सर्वांत आवडते ते पॉल त्सुचिया याचे एप्रिल १९९१ चे टिपण. पोटहिस्से पाडताना विभागांना नंबर द्यायचे आणि यंत्रांनाही. विभाग किती होतील माहीत नाही, प्रत्येकात यंत्रे किती होतील तेही माहीत नाही. मग रेघ कुठे मारायची? त्याचे उत्तर असे की रेघ मारूच नका. यंत्रांना नेहमीप्रमाणे उजव्या टोकापासून मोजा आणि विभागांना डाव्या टोकापासून, आरशात पाहिल्यासारखे उलटे. आपल्या आकड्यांत सांगायचे तर विभाग १०००, २०००, ३०००, आणि यंत्रे १, २, ३. तिसऱ्या विभागातले दुसरे यंत्र ३००२. मधली शून्ये मोकळी. यंत्रे वाढली तर ती शून्ये उजवीकडून खातील, विभाग वाढले तर डावीकडून. दोघांपैकी कोण वाढेल हे आज ठरवायची गरज नाही. बँकेत असताना हे कोणी सांगितले असते तर माझी ड्रॉवरमधली यादी वाचली असती.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरतात तेव्हा ते असे चालते. समजा रस्त्याकडेला लांबच लांब मोकळी जमीन आहे आणि घरे बांधणारे एकेक येणार आहेत. पहिल्याला एका टोकाला जागा द्यावी. दुसऱ्याला त्याच्या शेजारी नव्हे, जमिनीच्या बरोबर मध्यावर. तिसऱ्याला पाव अंतरावर, चौथ्याला पाऊण अंतरावर. प्रत्येक नवा माणूस उरलेल्या सर्वांत मोठ्या मोकळ्या जागेच्या मध्यात. असे केले की प्रत्येकाच्या बाजूला वाढायला जागा राहते. ज्याचे कुटुंब वाढले त्याने शेजारची खोली बांधावी, उतारा एकच राहील. जो वाढला नाही त्याच्या बाजूची जागा पुढे कोणा छोट्याला देता येते. यात मोकळी जागा भरपूर लागते, आणि जुन्या बत्तीस घरांच्या पत्त्यांत तेवढी उरली नव्हती.

१९९५ च्या डिसेंबरमध्ये नव्या १२८ घरांच्या पत्त्यांचा आराखडा निघाला. त्यातून निघणारी संख्या म्हणजे ३४ वर सदतीस शून्ये. एवढे असूनही या वेळी हात आखडता होता. सगळ्या पत्त्यांपैकी आठवा हिस्साच वापराला खुला केला. पद्धत चुकली तर नवी पद्धत आखायला बाकीचा कोरा कागद शिल्लक. १९८१ चा धडा बहुधा गिरवला होता.

नव्वदच्या दशकात पोस्टेलने आपले रजिस्टर खंडाखंडांत वाटून दिले. १९९२ मध्ये युरोपसाठी कार्यालय झाले, १९९३ मध्ये आशिया-पॅसिफिकसाठी, १९९७ मध्ये उत्तर अमेरिकेसाठी. मे १९९३ च्या टिपणाप्रमाणे ‘क’ वर्गातले १९४ व १९५ ने सुरू होणारे पत्ते युरोपला, २०२ व २०३ चे आपल्या बाजूला, आणि २०८ पासून पुढचे कोणालाच नाहीत, ते मागे ठेवले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा ज्यांनी मोडेमच्या किंकाळ्या ऐकत ते कनेक्शन जोडून घेतले, त्यांनी सेटिंगच्या रकान्यात २०२.५४ ने सुरू होणारे आकडे भरले असतील. ते २०२ कुठून आले, तर या वाटणीतून.

मुद्दाम ठेवलेल्या फटी उपयोगी पडतात, कधी चुकून राहिलेल्याही. जुन्या पद्धतीत एका कामाला दोन खिडक्या लागत, एक यायची आणि एक जायची, म्हणून पोस्टेलच्या यादीत फायलींच्या देवाणघेवाणीला २१, दूरच्या यंत्रावर काम करायला २३, टपालाला २५ असे विषम नंबर पडले. पुढे एकच खिडकी पुरू लागली, सम नंबर रिकामे राहिले. १९९५ च्या जुलैत फिनलंडच्या ताटू युलनेन याने दूरच्या यंत्रावर चोरांपासून सुरक्षित काम करण्याची युक्ती काढली आणि २१ व २३ यांच्या मधला नंबर मिळेल का, असे पत्राने विचारले. दुसऱ्याच दिवशी जॉइस रेनल्ड्सचे उत्तर गेले, २२ तुमचा. फी नाही, फॉर्म नाही. आज जगातले बहुतेक सर्व्हर याच खिडकीतून सांभाळले जातात.

अशी दुनिया टिकणार नव्हती. इंटरनेटमध्ये पैसा आला. डॉट कॉमची नावे विकून एक कंपनी गब्बर होऊ लागली, सरकारे जागी झाली, वकील आले. एका दाढीवाल्याच्या शब्दावर जगाची पत्त्यांची वही चालते हे अनेकांना पहिल्यांदाच कळले. ब्रिटनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९९७ मध्ये त्याला अर्ध्या थट्टेने या जाळ्याचा देव ठरवले. त्याला ते रुचण्यासारखे नव्हते.

२८ जानेवारी १९९८ रोजी या शांत माणसाने एक विलक्षण गोष्ट केली. नावांची मूळ यादी सांभाळणाऱ्या बारांपैकी आठ चालकांना त्याने पत्र पाठवले की यापुढे यादी त्या कंपनीच्या यंत्रावरून न घेता आपल्या संस्थेच्या यंत्रावरून घ्यावी. आठही जणांनी ऐकले. इंटरनेट वापरणाऱ्या कोणालाही काही जाणवले नाही, पण व्हाइट हाउसमध्ये धावपळ उडाली. क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी फोनवरून हे तत्काळ मागे घ्यायला सांगितले. पोस्टेलने ही एक चाचणी होती असे स्पष्टीकरण दिले आणि आठवडाभरात सगळे पूर्ववत केले. चाचणी होती की इशारा, यावर अजून वाद आहे. सव्वीस वर्षे सही-शिक्क्याशिवाय वही सांभाळणाऱ्याला वही दुसऱ्याची आहे असे ऐकावे लागले, तेव्हा एकदा तरी त्याने ती उचलून पाहिली असेल, असे मला वाटते. मी स्वतः कॅशच्या चाव्या सोपवताना दोन मिनिटे उगीचच तिजोरीसमोर उभा राहिलो होतो.

सप्टेंबर १९९८ च्या अखेरीस ‘आयकॅन’ ही संस्था कॅलिफोर्नियात स्थापन झाली. वही तिच्याकडे जायची होती आणि पोस्टेलने तिथे तांत्रिक बाजू पाहावी असे ठरत होते. पण त्याचे हृदय साथ देत नव्हते. १९९१ मध्ये झडपेची शस्त्रक्रिया झाली होती, ती पुन्हा करावी लागली. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी तो लॉस एंजेलिसमध्ये गेला. वय पंचावन्न.

त्याच्या वहीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. स्टॅनफर्डने २००० मध्ये आपला ‘अ’ वर्ग परत केला. एमआयटीने २०१७ मध्ये आपल्यातले लाखो पत्ते विकले. ऑक्टोबर २००६ मध्ये नव्या पत्त्यांचे मोठमोठे, एकसारखे तुकडे पाचही खंडीय कार्यालयांना दिले गेले, ते इतके मोठे की आतल्या आत मध्यावर जागा देत देत वाटता यावे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे तुकडे वाटून वही रिकामी झाली. नवे पत्ते आपल्याकडे मोठ्या संख्येने आले ते २०१६ नंतर, मोबाइलच्या लाटेत.

आणि १९८१ मध्ये अगदी वर राखून ठेवलेला तो हिस्सा? त्यातले २६ कोटी ८४ लाख पत्ते अजून तसेच पडून आहेत. ते राखीव आहेत हे यंत्रांना इतक्या वर्षांपूर्वी शिकवले गेले की आज कोणी वापरायला काढले तर असंख्य यंत्रे तो पत्ताच मानत नाहीत.

पोस्टेल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी विंट सर्फने शाळूसोबत्यासाठी श्रद्धांजली लिहिली. ती निघाली पोस्टेल इतकी वर्षे संपादित करत होता त्याच आरएफसीच्या मालिकेत, इतर टिपणांसारखीच साध्या टंकात. तिचा क्रमांक २४६८. त्या मालिकेतला हा नंबर त्याने दिलेला नव्हता.